रात्री दहा वाजता अर्धा होणारा धबधबा

भूगोलाच्या तासाला धबधबा शिकवताना आपण फळ्यावर एक ठरलेली आकृती काढतो. वर कठीण खडकाचा आडवा थर, त्याच्याखाली मऊ खडक, कड्यावरून पडणारं पाणी आणि खाली डोह. डोहातलं घुसळणारं पाणी मऊ खडक पोखरतं, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे आलेला राहतो, मग एक दिवस तो आपल्याच वजनाने तुटून पडतो. असं होत होत धबधबा मागे सरकतो. आकृती पूर्ण झाली की मुलांना उदाहरण सांगायचं असतं, आणि बहुतेक वेळा जे नाव ओठांवर येतं ते नायगाराचं असतं.

उदाहरण चुकीचं नाही. मात्र या धबधब्याबद्दलची एक गोष्ट त्या धड्यात सहसा नसते. नायगाराला वेळापत्रक आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी आठ ते रात्री दहा, आणि त्यानंतर ऑक्टोबर अखेरपर्यंत सकाळी आठ ते रात्री आठ, धबधब्यावरून किमान १ लाख क्यूसेक पाणी सोडलं पाहिजे. उरलेल्या वेळी, म्हणजे रोज रात्री आणि सबंध हिवाळाभर, ५० हजार क्यूसेक पुरे. क्यूसेक हा शब्द आपल्याला पावसाळ्यातल्या बातम्यांमुळे ओळखीचा आहे. धरणाचे दरवाजे इतक्या फुटांनी उचलले, इतक्या हजार क्यूसेकचा विसर्ग सुरू, असं आपण वाचतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लीटर. नायगाराच्या बाबतीतही हा शब्द आपल्याच अर्थाने वापरायचा आहे, कारण तिथेही दरवाजेच आहेत. धबधब्याच्या वरच्या अंगाला सुमारे दोन-अडीच किलोमीटरवर, कॅनडाच्या काठापासून नदीच्या पात्रात आत गेलेला एक बंधारा आहे. त्याला १८ दरवाजे आहेत. सकाळी ते उघडतात आणि पर्यटक येईपर्यंत धबधबा भरलेला असतो.

नदीचा स्वतःचा सरासरी प्रवाह सुमारे २ लाख क्यूसेक आहे. म्हणजे ऐन हंगामात भर दुपारी जो धबधबा पाहून लोक भारावून जातात, तो निम्म्या नदीचा असतो. मध्यरात्री तो पाव नदीचा असतो. बाकीचं पाणी बोगद्यांतून आणि कालव्यांतून वीजघरांकडे गेलेलं असतं. तरीही दुपारचा नायगारा उणा वाटत नाही. तो तसा वाटू नये यासाठी विसाव्या शतकात दोन देशांच्या अभियंत्यांनी किती खटपट केली, ती हकीकत आम्हाला धबधब्याइतकीच पाहण्याजोगी वाटते.

आधी या धबधब्याचं मूळ पाहू. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवराचं पाणी नायगारा नदीतून ऑन्टॅरिओ सरोवरात जातं. दोन्ही सरोवरांच्या पातळीत सुमारे १०० मीटरचा फरक आहे. त्यातली निम्म्याहून अधिक उतराई नदी धबधब्यात उरकते आणि उरलेली त्याच्या वरच्या आणि खालच्या खळाळात. हिमयुगाची चादर मागे हटल्यावर, सुमारे १२,००० वर्षांपूर्वी, नदी एका उंच कड्यावरून उडी घेऊ लागली. तो कडा आजच्या धबधब्यापासून ११ किलोमीटर खाली आहे. आपल्या आकृतीतला कठीण थर इथे डोलोमाइटचा आहे आणि मऊ थर शेलचा. शेल म्हणजे गाळ दाबला जाऊन बनलेला, पापुद्रे सुटणारा खडक. ११ किलोमीटरना १२,००० वर्षांनी भागलं तर वर्षाला सुमारे ९० सेंटिमीटर येतात. एकोणिसाव्या शतकात, १८४२ सालापासून, धबधब्याच्या कडेची मोजणी सुरू झाली. त्या मोजण्यांतही वर्षाला मीटरभर किंवा थोडी जास्त झीज दिसली. भागाकार आणि मोजणी यांचा इतका चांगला मेळ वर्गात क्वचितच दाखवता येतो.

धबधबा एक नाही, याचीही इथे नोंद करून ठेवू. नदीच्या मधोमध गोट आयलंड नावाचं बेट आहे. त्याच्या एका बाजूला घोड्याच्या नालेसारखा वळलेला मोठा धबधबा आहे. त्याला हॉर्सशू म्हणतात आणि नदीचं सुमारे ९० टक्के पाणी त्याच्याकडे जातं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या हद्दीतला धाकटा धबधबा आहे. त्याच्या वाट्याला उरलेले १० टक्के येतात. पुढे या धाकट्याचीच एक गोष्ट सांगायची आहे.

माणसाने हात लावण्याआधी पाणी कधी थांबलं होतं का? थांबलं होतं. २९ मार्च १८४८ रोजी ईरी सरोवराच्या तोंडाशी बर्फाचे तुकडे अडकून बांध तयार झाला आणि नदी आटली. रात्रंदिवस कानी पडणारा आवाज बंद झाल्यामुळे लोक जागे झाले, असं सांगतात. काहींनी जगाचा अंत आला असं समजून देवळं गाठली. जे धीट होते ते उघड्या पात्रात उतरले. त्यांना १८१२ च्या युद्धातल्या बंदुका आणि संगिनी सापडल्या. एक-दीड दिवसाने बर्फ फुटला आणि नदी परत आली. आता तसं सहजी होत नाही. १९६४ पासून दर हिवाळ्यात सरोवराच्या तोंडाशी तरंगत्या ओंडक्यांची साखळी आडवी बांधतात (अलीकडे ओंडक्यांच्या जागी पोलादी नळकांडी आली आहेत). बर्फ तिथेच थोपून राहतो आणि वीजघरांची तोंडं बुजत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात नायगाराच्या काठांची अवस्था आपल्याकडच्या एखाद्या गजबजलेल्या तीर्थक्षेत्रासारखी झाली होती. गिरण्या, कारखाने, हॉटेलं, तिकिटं लावणाऱ्यांची कुंपणं. पाणी पाहायचं तर भोकातून डोकावण्याचेही पैसे द्यावे लागत. याविरुद्ध चळवळ झाली आणि १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने अमेरिकेच्या बाजूचा काठ विकत घेऊन सर्वांना खुला केला. दीडशेच्या आसपास इमारती पाडल्या. काठ पुन्हा कसा घडवायचा याचा आराखडा फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८८७ मध्ये दिला. पुतळे नकोत, फुलांचे ताटवे नकोत, शोभेची कारंजी तर नकोतच. तिथलीच झाडं लावायची, पायवाटा अशा वळवायच्या की माणसाला त्या आपोआप पडलेल्या वाटाव्यात.

या जोडीचा या कामातला हात आधीच बसलेला होता. न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी असलेलं ८४३ एकरांचं सेंट्रल पार्क त्यांच्याच १८५८ च्या आराखड्यातून उभं राहिलं. शहर वाढताना रानाचा एक तुकडा चुकून शिल्लक राहिला असावा, असं तिथे फिरताना अजून कित्येकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे दलदल होती. ती जमिनीखाली निचऱ्याचे नळ घालून कोरडी केली, खडक सुरुंगाने फोडले, तळी खणली, माती गाड्या भरभरून आणली. आरपार जाणारे रस्ते जमिनीत खाली दाबून घेतले, म्हणजे बागेत फिरणाऱ्याला गाड्या दिसणार नाहीत. तिथल्या ओढ्यांवर छोटे धबधबे आहेत. त्यांचं पाणी शहराच्या नळाचं आहे. आणि तिथे माणसंही राहत होती. सेनेका व्हिलेज नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबांची, दोन-सव्वादोनशे लोकांची वस्ती १८५७ मध्ये उठवली गेली. ‘निसर्ग’ तयार करताना जे पुसावं लागतं त्यात हेही असतं. नायगाराच्या गोष्टीत याची पुन्हा आठवण होणार आहे.

काठ हिरवा झाला, पण तोवर पाण्याला दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. १८९५ साली नायगाराला प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचं मोठं वीजघर सुरू झालं आणि १८९६ च्या नोव्हेंबरात तिथली वीज तीसेक किलोमीटरवरच्या बफेलो शहरात पोचली. वीज लांबवर नेता येते, हे याने इतक्या ठसठशीतपणे सिद्ध झालं की पाण्यावर उड्या पडू लागल्या. धबधबा कोरडा पडेल अशी ओरड झाली. १९०६ मध्ये अमेरिकेने कायदा केला, १९०९ मध्ये दोन्ही देशांचा करार झाला. ओढाताण तरी चालूच राहिली. शेवटी १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांनी एक नवा करार केला. सुरुवातीला सांगितलेलं वेळापत्रक याच करारातलं. त्यात आणखी एक कलम आहे. धबधब्याचं सौंदर्य राखावं, इतकंच म्हणून हा करार थांबत नाही, ते वाढवावं असं म्हणतो. पाणी असं वाटून द्यावं की धबधब्याची कडा कुठेही तुटलेली दिसू नये, असं दोन्ही सरकारांनी मान्य केलं.

निम्मं पाणी काढून घ्यायचं आणि सौंदर्य वाढवायचं. हे जमायचं कसं? यात गणिताचा एक भाग आहे आणि तो वर्गात करून पाहण्यासारखा आहे.

एखाद्या सांडव्यावरून पाणी वाहत असेल तर कडेवरच्या पाण्याची खोली आणि त्याचा वेग हे दोन्ही मिळून विसर्ग ठरवतात. खोली कमी झाली की वेगही कमी होतो. वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून विसर्ग खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलतो. आता उलट बाजूने पाहू. विसर्ग निम्मा करायचा असेल तर खोली किती ठेवायची? निम्मी नाही. सुमारे ६३ टक्के. वेग तेव्हा ७९ टक्के होतो आणि ०.६३ गुणिले ०.७९ बरोबर ०.५. म्हणजे पाणी निम्मं केलं तरी पाण्याच्या पडद्याची जाडी एक तृतीयांशाहून थोडीशीच जास्त घटते. लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्याला हा फरक विशेष जाणवत नाही, विशेषतः त्याने आधीचं रूप कधी पाहिलेलंच नसेल तर.

याचा पडताळा घ्यायला खर्च नाही. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या मोठ्या डब्याला वरच्या कडेला पाच सेंटिमीटर रुंदीची चौकोनी खाच पाडा. डबा खाचेपर्यंत भरा. मग नळाचं पाणी त्यात सोडा आणि खाचेतून पडणारं पाणी एका बादलीत धरा. बादली किती सेकंदांत भरते यावरून विसर्ग कळेल. खोली मात्र खाचेत मोजू नका. तिथे पाणी आधीच खाली वळलेलं असतं. खाचेपासून हातभर मागे, डब्याच्या दुसऱ्या बाजूला पट्टी उभी धरून मोजा. मग बादली भरायला दुप्पट वेळ लागेल इतका नळ बारीक करा आणि पुन्हा मोजा. खोली निम्मी झाली नाही हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. आकडा बरोबर ६३ टक्केच येईल असं सांगू नका. ५८ ते ७० च्या दरम्यान काही आलं तर प्रयोग उत्तम झाला असं समजा.

पण हे झालं सरळ, समपातळीतल्या कडेचं. नायगाराची कडा तशी नव्हती, आणि खरी अडचण तिथे होती. हॉर्सशूच्या मधल्या भागात पाणी जास्त, म्हणून झीज जास्त. झीज जास्त म्हणून तो भाग खोल आणि मागे गेलेला. खोल म्हणून आणखी पाणी तिकडेच. हे चक्र शतकानुशतकं चालू होतं. परिणामी दोन्ही टोकांना कडा उंच राहिली होती. समजा मधे ९० सेंटिमीटर पाणी वाहतंय आणि टोकाची कडा ६० सेंटिमीटरने उंच आहे. तर टोकाला ३० सेंटिमीटर पाणी असेल आणि तिथूनही धार पडताना दिसेल. आता विसर्ग इतका घटवला की मधलं पाणी ५७ सेंटिमीटर झालं. टोक उघडं पडलं. दोन्ही टोकांना काळा ओला खडक आणि मधे तेवढं पाणी. पर्यटक जिथे उभे राहतात ती जागा तर नेमकी टोकांजवळच.

मग अभियंत्यांनी प्रतिकृती बांधल्या. एक कॅनडात आणि एक अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्ग इथे. नदीचं पात्र, बेटं, कडा, सगळं लहान प्रमाणात. त्यात पाणी सोडून, इथे थोडं खोदलं तर काय होईल, तिथे भर टाकली तर काय होईल, हे पाहिलं. त्यानंतर १९५४ ते १९५७ या काळात खऱ्या नदीत काम झालं. टोकांजवळचं पात्र खोदून पाणी तिकडे वळवलं, म्हणजे पडदा अखंड झाला. टोकाचा काही भाग भराव घालून कायमचा कोरडा केला. कडेची लांबी यात सुमारे शंभर मीटरने कमी झाली. थोडं पाणी कमी लांबीवर पसरलं की जाड दिसतं, हा हिशेबही त्यात होताच. गोट आयलंडच्या टोकाला टेरापिन पॉइंट नावाची जागा आहे. तिथल्या कठड्याला टेकून लोक धबधब्याचं छायाचित्र काढतात. ते उभे असतात तिथे आधी धबधबा होता. सुरुवातीला सांगितलेला दरवाज्यांचा बंधाराही याच काळातला. आधी १३ दरवाजे, १९६३ मध्ये आणखी पाच.

या सगळ्याचा एक चांगला परिणाम झाला तो झिजेवर. पाणी कमी झालं आणि जे उरलं ते एका जागी न कोसळता पसरून पडू लागलं. त्यामुळे पूर्वी वर्षाला मीटरभर मागे सरकणारा धबधबा आता फूटभर किंवा त्याहूनही कमी सरकतो. आपण मुलांना ‘नायगारा वर्षाला एक मीटर मागे सरकतो’ असं सांगत असू तर तो आकडा जुना आहे. आणि नवा आकडा सांगताना तो नदीचा आहे की दरवाज्यांचा, हा प्रश्न उरतोच. पुस्तकात मात्र झिजेचा वेग खडक आणि पाणी यांनी ठरलेला असतो.

आता रात्रीच्या पाण्याकडे वळू. रात्री दहानंतर धबधब्यावरून ५० हजार क्यूसेक पाणी कमी होतं आणि ते वीजघरांना मिळतं. या पाण्याची किंमत काढता येते. ५० हजार क्यूसेक म्हणजे सेकंदाला १,४१६ घनमीटर. वीजघरं खळाळांचा उतारही वापरतात, म्हणून उंची ९० मीटर धरू. १,४१६ गुणिले १,००० किलोग्रॅम, गुणिले ९.८, गुणिले ९०. उत्तर येतं सुमारे १,२५० मेगावॅट. यंत्रातली घट वगळून हा वरचा आकडा झाला. आपल्या कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, यावरून अंदाज यावा. उन्हाळ्यात रोज चौदा तास पर्यटकांच्या डोळ्यांसाठी इतकी वीज सोडून दिली जाते. दोन देशांनी सौंदर्याची अशी रोख किंमत मोजावी, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

अडचण अशी की जास्तीचं पाणी मिळतं रात्री, आणि विजेची मागणी असते दिवसा. तेव्हा रात्रीचं पाणी साठवायला हवं. रात्री पंपांनी पाणी उंचावरच्या जलाशयात चढवायचं आणि दिवसा ते परत खाली सोडून वीज करायची. अमेरिकेच्या बाजूने न्यूयॉर्क राज्याच्या वीज प्राधिकरणाने यासाठी लुईस्टन इथे सुमारे १,९०० एकरांचा जलाशय बांधला. त्यातली साडेपाचशेच्या आसपास एकर जमीन टस्करोरा या आदिवासी समाजाची होती. त्यांनी ती विकायला नकार दिला. १९५८ मध्ये मोजणीदार आले तेव्हा बायकामुलांसह लोक वाटेत उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६० साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. तीन न्यायमूर्तींनी असहमती नोंदवली. त्यातले ह्यूगो ब्लॅक यांनी, राष्ट्राने दिलेला शब्द पाळायचा असतो, याची आपल्या सहकाऱ्यांना आठवण करून दिली. १९६१ मध्ये वीजघर सुरू झालं. जमीन पाण्याखाली गेली ती मुख्यतः विजेसाठी, हे खरंच आहे. पण ते पाणी रात्रीच का येतं, दिवसा का येत नाही, याचं उत्तर धबधब्याच्या वेळापत्रकात आहे. धरणग्रस्तांच्या गोष्टी महाराष्ट्रातल्या शिक्षकांना नव्याने सांगायला नकोत. धबधबा दिवसा भरलेला दिसावा याचाही त्या हिशेबात वाटा असू शकतो, हे मात्र आमच्या ध्यानात पूर्वी आलं नव्हतं.

आता धाकट्या धबधब्याची गोष्ट. १९५४ च्या जुलैमध्ये त्याच्या शेजारच्या कड्याचा मोठा भाग कोसळला. अशा कोसळण्यांमुळे त्याच्या पायथ्याशी शिळांचा ढीग साचला आहे. काही ठिकाणी तो धबधब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत येतो. मोठ्या धबधब्याखाली पाण्याचा जोर इतका की पडलेल्या शिळा फुटून वाहून जातात. धाकट्याला तेवढं बळ नाही. ढीग वाढत गेला तर एक दिवस हा धबधबा नुसता उतारावरचा खळाळ होऊन बसेल, ही भीती स्थानिक वर्तमानपत्राने १९६५ मध्ये लावून धरली. शिळा काढा, अशी मागणी आली.

काढायच्या तर आधी नीट पाहायला हव्यात, म्हणून १९६९ च्या जूनमध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी काठापासून गोट आयलंडपर्यंत दगडमातीचा बांध घातला. तीन दिवसांत सुमारे २७,८०० टन दगड टाकले. पाणी मोठ्या धबधब्याकडे वळलं आणि धाकटा धबधबा कोरडा पडला. तो पुढे नोव्हेंबरपर्यंत कोरडाच होता. १८४८ मध्ये पाणी थांबलं तेव्हा लोकांनी देवाचा धावा केला. या वेळी ते कॅमेरे घेऊन आले. तळाशी पर्यटकांनी टाकलेली नाणी सापडली. भूशास्त्रज्ञांनी खडकात भोकं पाडून नमुने काढले, भेगा मोजल्या, शिळा न् शिळा नकाशावर उतरवली. एक तपशील आम्हाला फार आवडतो. शेल हा खडक ओला असतो तोवर ठीक, वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात. शतकानुशतकं पाण्याआड राहिलेला कडा उन्हात वाळून ढासळेल म्हणून त्याच्यावर तुषारांनी पाणी मारत राहावं लागलं. शेजारी नदी वाहते आहे आणि धबधब्याला माणसं पाणी शिंपताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.

अभ्यास पुरे व्हायला काही वर्षं लागली. ढीग काढणं शक्य होतं. यंत्रं होती, पैसा उभा राहिला असता. पण शिळा कड्याला खालून आधार देत असण्याची शक्यता होती. आणि त्याहून मोठा प्रश्न पुढे आला. कडा तुटणं आणि शिळा साचणं हीच तर धबधब्याची रीत. ती थांबवून, पायथा झाडून स्वच्छ करून जे उरेल, त्याला काय म्हणायचं? दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाने १९७५ च्या अहवालात शिळा जिथे आहेत तिथेच राहू द्याव्यात असं सुचवलं. तोपर्यंत नदीचं पात्र खोदून झालं होतं, टोकं बुजवून झाली होती, दरवाजे बसले होते. एवढं सगळं केल्यावर एका जागी हात मागे घेतला गेला. आमच्या मते नायगाराच्या इतिहासातला हा सर्वांत विचारी निर्णय आहे. पण तोही पुरता हात मागे घेणं नव्हे. लोक जिथे उभे राहतात तिथला कडा ढासळू नये म्हणून खडकात पोलादी बोल्ट ठोकले आहेत, पाणी निचरायला भोकं पाडली आहेत, हालचाल टिपणारी उपकरणं बसवली आहेत. खालून पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत.

आपल्याकडे अशी उदाहरणं नाहीत असं नाही. गिरसप्पाच्या वर शरावतीवर लिंगनमक्की धरण १९६४ मध्ये झालं. तेव्हापासून त्या धबधब्याचं रूप पावसाइतकंच धरणाच्या दारांवर ठरतं. प्रवरेवरचा रंधा भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की भर उन्हाळ्यातही वाहतो. अम्ब्रेला फॉल तर धरणाच्या पायथ्याशीच आहे. तिथे कोणी फारसं लपवत नाही. धरण समोरच दिसतं.

नायगारा शिकवताना काय करावं? आम्ही असं सुचवू, की आकृती पूर्वीसारखीच काढावी, ती बरोबरच आहे. मग मुलांना वेळापत्रक सांगावं आणि त्यांनाच विचारावं, की या आकृतीत दरवाजा कुठे काढायचा. सेंट्रल पार्कमधल्या ओढ्याची तोटी झुडपांआड ठेवली आहे. वहीत ती दाखवायला हरकत नाही. पुढच्या आकृतीत धाकट्या धबधब्याच्या पायथ्याशी शिळाही काढाव्यात, चित्र सुबक व्हावं म्हणून त्या गाळू नयेत.

दरम्यान, काठावरून गोट आयलंडला जाणारे १९०१ सालचे दोन दगडी कमानींचे पादचारी पूल जुने झाले आहेत. ते बदलायचे तर पात्र कोरडं हवं. धाकटा धबधबा त्यासाठी पुन्हा एकदा काही महिने बंद करावा, असा प्रस्ताव २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने लोकांपुढे ठेवला होता. पाणी थांबवलं तर पर्यटक घटतील की वाढतील, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली.